दर्शना मॅडमच्या चापाच्या गाड्या

आमच्या मुरबाडच्या कॉलेजात अजूनही दर्शना मॅडमचं नाव निघालं की कोणीतरी फिदकन हसतं. "त्या उंदीरगाडीवाल्या बाई ना?" म्हणतात नि चहाचा घोट घेतात. माझं डोकंच फिरतं. हसणाऱ्यांतल्या एकानं तरी त्या गाड्या व्हरांड्यात पळताना बघितल्या होत्या का? मी बघितल्या होत्या. एकतीस वर्षं त्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबचा परिचर होतो मी. कुंडलिक नाव माझं, पोरं मामा म्हणायची. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या झटक्यात. पण कुठल्या मीटरचा काटा कुठं अडकतो ते मला विचारा, डिग्रीवाल्याला विचारू नका.

दर्शना विशे सापगावच्या, शहापूरच्या अंगाला. घरची थोडी भातशेती, वडील नाहीत, आई रंभाबाई आणि या. फिजिक्समध्ये एम.एस्सी., वर बी.एड. रोज सकाळची एसटी धरून मुरबाडला यायच्या. अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की मागच्या बाकावरचं पोरगं झोपेतनं उठून वही उघडायचं. नेमणूक तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढाच पगार. सुट्टीत काही नाही, आजारी पडलात तर काही नाही, आणि जूनमध्ये नवीन ऑर्डर निघाली तर निघाली. अशी सात वर्षं काढली त्यांनी. घरी स्थळं यायची. पहिला प्रश्न ठरलेला, "पोरगी नोकरीत कायम झाली का?" रंभाबाई चहा पाजून त्यांना वाटेला लावायच्या.

आता आमच्या लॅबची रीत सांगतो, म्हणजे बाईंनी काय केलं ते कळेल. आमच्याकडं प्रॅक्टिकल म्हणजे प्रयोग नव्हे. प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल पुरं करणं. उत्तर आधी माहीत, त्यावरनं मागं मागं जात रीडिंग जमवायचं. अशी जमवलेली रीडिंगं माझ्याकडं एका लांबड्या वहीत होती, प्रयोगवार, लाल शाईत. पोरं रांग लावून उतरवून घ्यायची. बाहेरून परीक्षक यायचे, त्यांनाही वहीच बरी वाटायची, कारण त्यांना तीनची गाडी पकडायची असायची. मला त्या वहीचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मॅडम आल्या त्याच महिन्यात चाळीस जर्नलं पुढ्यात घेऊन बसल्या आणि मला हाक मारली. "मामा, चाळीस पोरांचा लंबक अगदी एकसारखाच हलला काय वो?"

मी ऐटीत वही पुढं केली. त्यांनी चार पानं उलटली. म्हणाल्या, "अक्षर लय सुंदर हाय तुमचं. आता ही वही घरी न्या."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कानामागून आली नि तिखट झाली! आठवडाभर कामापुरतं बोललो. त्यांनी समजूत काढली नाही की प्रिन्सिपॉलसाहेबांकडं तक्रार केली नाही. रोज तास संपला की लॅबमध्ये खाली फतकल मारून बसायच्या आणि गंजलेली टर्मिनलं पॉलिशपेपरनं घासायच्या. सहाव्या दिवशी मीच जाऊन शेजारी बसलो. त्या वर्षी आमच्या पोरांची उत्तरं पहिल्यांदा चुकली, आणि प्रत्येकाची वेगळी चुकली. मॅडम इतक्या खूष की सगळ्यांना वडापाव आणला.

तर ज्या वर्षाचं सांगतोय त्याच्या आदल्या डिसेंबरात फिजिक्सची एक कायम जागा भरायची परवानगी आली. हेडक्लार्क जयरामभाऊंनी स्टाफरूममध्ये सांगितलं. एकच जागा. ती मॅडमना मिळाली तर सात वर्षांचं सोनं होणार. दुसऱ्या कोणाला मिळाली तर त्यांचे होते ते तासही जाणार, कारण शिकवायला कायमचं माणूस आल्यावर तासिकेवालीला कोण ठेवतंय? मॅडम त्या दिवशी डबा न उघडताच एसटीला गेल्या.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला संस्थेचे चेअरमनसाहेब आले. मॅडम सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. साहेब बोलायला गोड. म्हणाले, "बाई, मुलाखती मार्चात. त्याआधी विज्ञान दिनाला मी येतोयच. तुमचं काम दाखवा, मग बघू." हे 'बघू' मी एकतीस वर्षं ऐकत आलोय. त्याला ना शेंडा ना बुडखा. पण मॅडमनी मनाशी खूणगाठ बांधली, की साहेबांना काम दाखवायचं, असं की नाही म्हणायला जागाच राहू नये.

मी आपला व्यवहार सांगितला. "मॅडम, थर्माकोलचा ज्वालामुखी करा, त्याच्यातनं लाल फेस काढा. सायबांना तेच आवडतंय. वर त्यांचा फोटो डकवा."

"ज्वालामुखी म्हंजे फिजिक्स हाय का मामा?"

"नसंल. पण फोटो तर त्यांचा हाय ना?"

हसल्या, पण ऐकतील तर शपथ. अकरावीच्या पोरांकडून चापाच्या गाड्या करून घ्यायच्या, हे त्यांचं ठरलं होतं. उंदीर मारायचा लाकडी पट्टीचा चाप असतो ना, स्प्रिंगचा, तोच गाडीचं इंजिन. बॅटरी नाही, सेल नाही. चापाच्या दांडीला एक काडी बांधायची, काडीच्या टोकाला दोरा, दोऱ्याचं दुसरं टोक मागच्या चाकांच्या कण्याला गुंडाळायचं. चाप सोडला की काडी पुढं झुकते, दोरा ओढला जातो, कणा फिरतो, गाडी पळते. एवढुश्या स्प्रिंगमध्ये जेवढी ताकद भरली तेवढ्यावर जितकी लांब जाईल तितकी खरी.

मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा तेव्हा चालूच होती. एका पालावर मॅडमनी डझनभर चाप एकदम मागितले. पालवाला म्हणाला, "बाय, उंदीर घरात झालेत का कणगीत?"

"कॉलेजात," मॅडम म्हणाल्या.

"मंग डझनानं काय व्हतंय!"

ही गोष्ट त्यांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितली आणि आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्या कॉलेजात इतकं मोकळं मी त्याआधी कधी हसलो नव्हतो.

पुढचे चार आठवडे लॅबची नुसती मेस्त्रीशाळा झाली. चाकांना सीड्या लागणार होत्या. हल्ली कोणाच्या घरी असतात? कुणालीनं आणल्या. ही सरळगावची पोरगी, बोलायला मुखदुर्बळ, हातानं मात्र जादू. एका फोटोवाल्याकडं धूळ खात पडलेल्या लग्नांच्या सीड्या ती पिशवीभर घेऊन आली. कोणाची हळद, कोणाची वरात, सगळी चाकं झाली. सीडी लादीवर घसरू नये म्हणून कडेला फुगा कापून त्याचं रबर चढवलं. कण्याला सायकलचा स्पोक, तो फिरायला रिफिलचा तुकडा, ओढायला मासे धरायचा तंगूस, आणि काडी म्हणून मोडक्या छत्रीची तार. चाप बोटावर आपटून प्रत्येकाचं एकेक नख काळं झालं. माझं दोन्ही अंगठ्यांचं झालं. जयरामभाऊ दारातनं बघून गेले, म्हणाले, "कुंडलिक, या वयात खेळणी?" मी पुढच्या गाडीचा तंगूस ओवायला घेतला.

मॅडम पोरांना आयतं काही सांगायच्या नाहीत. कोणी विचारलं, काडी केवढी ठेवू, तर म्हणायच्या, "तीन मापांच्या कर नि बघ." पोरांनी करून बघितलं. काडी आखूड ठेवली की गाडी फाडदिशी सुटते नि चार-पाच फरशांवर थांबते. काडी लांब ठेवली की जोर कमी, पण दोरा भरपूर सुटतो, म्हणून गाडी हळूहळू, हळूहळू जातच राहते. आमच्या व्हरांड्याला दोन-दोन फुटांच्या गुळगुळीत फरश्या आहेत, त्याच आमची मोजपट्टी. कुणालीची काडी सगळ्यात लांब. तिची गाडी पहिल्या दिवशी सहा फरश्या गेली, आठवड्यानं बारा, आणि एका दुपारी तेवीस. तेवीस फरश्या, आवाज न करता! सगळी पोरं गाडीच्या दोन्ही अंगांनी वाकून चालत होती, कोणी श्वास सोडत नव्हतं. गाडी थांबली तेव्हा कुणाली एवढंच म्हणाली, "मामा, बघितलं?" मॅडमनी तिला जवळ घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, मान्य करतो.

त्याच आठवड्यात एक गोष्ट झाली, ती सांगणं भाग आहे. कोणाचीतरी गाडी वाकडी जाऊन स्टाफरूमच्या दारातल्या गोणपाटाच्या पायपुसण्यावर चढली आणि जागच्या जागी मेली. पोरांना वाटलं दोरा तुटला. मॅडम म्हणाल्या, "दोरा हाय तसाच हाय. लांब काडीचा रेटा बेताचाच. कापड तो सगळा खाऊन टाकतंय. हिला गुळगुळीत जमीनच पायजे." मी तिथंच झाडू घेऊन उभा होतो. प्रत्येक शब्द ऐकला. तेव्हा मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

विज्ञान दिन उजाडला. आदल्या संध्याकाळी मी हॉलची लादी दोनदा पुसून आरशासारखी केली होती. मॅडमनी त्यावर खडूनं सुरुवातीची रेघ आखली आणि प्रत्येक फरशीवर आकडा लिहिला, एक ते तीस. सकाळी दहाला त्या आणि पोरं वरती लॅबमध्ये शेवटचे दोरे गुंडाळत होती. मी हॉलमध्ये समईची वात करत होतो. जयरामभाऊ आले. त्यांनी खाली बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"कुंडलिक, चेअरमनसाहेब येतायत नि खाली नुसती लादी? जाजम कुठंय?"

"भाऊ, ते गाड्या..."

"गाड्या टेबलावर दाखवतील. साहेबांना काय शाळेच्या वर्गात बसवायचंय? टाक जाजम."

आमच्याकडं पाहुणा मोठा की जाजम आधी. साखरपुडा असो, ग्रामसभा असो, पुढारी असो. मागं एका कार्यक्रमात जाजम राहिलं होतं, तर त्यावरनं चार महिने बोलणी खाल्ली होती आम्ही. माझे पाय आपसूक स्टोअरकडं वळले. दोन जाडजूड जाजमं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी ती ओढली, सुरकुत्या पायानं सारख्या केल्या. खडूचे आकडे खाली गेले. वर जाऊन मॅडमना सांगावं, असं मनात आलं होतं. तेवढ्यात नारळ आणायला पिटाळलं, मग हारवाला आला, मग माइक खरखरायला लागला. ही सगळी कारणं आहेत. जिना चढायला अर्धं मिनिट लागतं.

पावणेअकराला मॅडम खोका घेऊन खाली आल्या, मागून पोरं. तोवर बारावीचे वर्ग जाजमावर बसलेसुद्धा होते, मधे गाड्यांसाठी तेवढी वाट सोडलेली. मॅडमनी खाली बघितलं, मग माझ्याकडं. मी समईत तेल घालायला लागलो. त्या जयरामभाऊंना म्हणाल्या, "भाऊ, हे काढायला लागेल."

"आता? साहेब पायरीवर आलेत मॅडम!"

आलेच होते. मग दीप झाला, हार झाले, स्वागतगीत झालं, आणि विज्ञानानं देश कसा पुढं गेला यावर साहेब पाऊण तास बोलले. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या, खोका छातीशी धरून. शेवटी त्यांचं नाव पुकारलं.

पहिली कुणालीची गाडी. पोरीनं वाकून ती जाजमावर ठेवली, चाप सोडला. गाडी दीड-दोन फूट गेली आणि एका सुरकुतीला टेकून थांबली. दुसरी तेवढीच. तिसरी हललीच नाही. मागं खसखस पिकली. साहेब सोफ्यावर पुढं झुकले आणि माइक नसतानाही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, तुमचा उंदीर मेलाय वाटतं!"

हॉल हसला. प्राध्यापक सगळ्यात मोठ्यानं हसले. कुणाली गाडी हातात घेऊन तिथंच उभी राहिली, मान खाली.

मॅडमचा आवाज हलला नाही. "सर, जाजमामुळे होतंय हे. व्हरांड्यात दोन मिनिटं आलात तर..."

"म्हणजे आता आम्ही उठायचं?" साहेब हसत हसतच म्हणाले.

"नाही सर, तुम्ही बसा. मधली वाट तेवढी मोकळी करते." मग त्या माझ्याकडं वळल्या. "मामा, या. ती बाजू तुमी धरा."

त्यांनी स्वतः खाली बसून जाजमाचं एक टोक उचललं होतं. पोरं सरकायला लागली होती. दुसरं टोक माझ्या पायापाशी होतं, अगदी पायापाशी. वाकायचं होतं फक्त. आणि मी काय केलं? मी जयरामभाऊंकडं बघितलं.

त्यांनी काही केलं नाही हो. डोळे वटारले नाहीत, मान हलवली नाही. नुसते हळूच म्हणाले, "पाहुणा बसलेला असताना जाजम गुंडाळतात का रे?" खरंच आहे, नाही गुंडाळत. म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हटल्यासारखं होतं. मी हात बांधून उभा राहिलो. सगळा हॉल बघत होता. मॅडम ते टोक धरून तशाच बसल्या होत्या, माझी वाट बघत. मग त्यांनी टोक खाली ठेवलं, हातानं सारखं केलं आणि उठल्या.

दुसरी कोणी असती तर रडत बाहेर गेली असती. मॅडमनी कुणालीच्या हातातली गाडी घेतली. पोरांकडं तोंड करून विचारलं, "का थांबली?" एकानं सांगितलं, जाजम जोर खातंय. "मग काय करायला हवं?" कुणालीच म्हणाली, बारीक आवाजात, "काडी आखूड." मॅडमनी छत्रीची ती लांब तार मधोमध वाकवून मोडली, तंगूस नव्यानं बांधला, कण्याला गुंडाळला. आता जोर वाढेल, अंतर कमी होईल, हे समजावून सांगत होत्या. जशा रोज वर्गात सांगायच्या तशाच. चाप सोडला. गाडीनं उडीच घेतली. पुढची चाकं उचलली गेली, सुरकुत्या ओलांडत सात-आठ फूट जाऊन उलटली. पोरांनी असल्या टाळ्या पिटल्या की सांगायची सोय नाही.

साहेबांचा तेव्हा फोन चालू होता. बोलत बोलतच ते उठले, "चालू द्या, चालू द्या" असा हात केला आणि बाहेर गेले. सगळा स्टाफ त्यांच्या मागं नाश्त्याला गेला. चार आठवडे मर मर मरून तेवीस फरश्यांपर्यंत आणलेली ती गाडी. तिच्या काडीचा मोडलेला अर्धा तुकडा जाजमावर पडला होता. तो मी उचलला.

मार्चात मुलाखती झाल्या. जागा चेअरमनसाहेबांच्या साडूच्या सुनेला मिळाली. जयरामभाऊंनी मला कागद दाखवला, दर्शना मॅडमच्या नावापुढं लिहिलेलं: 'प्रात्यक्षिक अयशस्वी'. सात वर्षांत शिकवलेली पोरं कुठं गेली, ती घासून पुसून चालू केलेली लॅब कुठं गेली, त्याचा एक शब्द नाही. एप्रिलमध्ये मॅडमनी कपाट रिकामं केलं. चाप पोरांना वाटून टाकले. मला म्हणाल्या, "येते मामा." कोणी निरोपसमारंभ केला नाही. तासिकेवाल्यांना निरोप देत नसतात.

नवीन बाई स्वभावानं वाईट नाहीत. पण लॅबमध्ये त्यांना कुबट वास येतो म्हणे. पोरं पुन्हा जर्नलं उतरवायला लागली. आणि स्टाफरूममध्ये सगळे एकमेकांना सांगायचे, "अहो, ते आधीच ठरलेलं होतं. गाड्या पळाल्या असत्या तरी काय झालं असतं?" मी हे वाक्य फार जपलं. रात्री झोप येईना की हेच मनाशी म्हणायचो. ठरलेलंच होतं. माझा काय दोष? आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, आपण काय करणार?

ऑगस्टात एका पाहुण्याच्या बाराव्याला शहापूरला गेलो होतो. परतताना एसटी स्टँडवर मॅडम दिसल्या. गळ्यात ओळखपत्राची निळी दोरी. पडघ्याच्या बाजूला कुठल्याशा गोदामात लागल्यात, पार्सलं मोजून मशीनवर चढवतात, दहा-दहा तास उभ्यानं. एम.एस्सी. फिजिक्स! माझ्या तोंडात शिवी आली ती गिळली. त्यांनीच हाक मारली, "मामा, तुमी हितं कुठं?" घरच्यांची चौकशी केली, माझा गुडघा कसाय ते विचारलं. मला वाटलं, बोलून टाकावं. बैल गेला नि झोपा केला, तरी पण बोलावं.

"मॅडम, ते आधीच ठरलेलं व्हतं वो. जाजम नसतं तरी जागा तिलाच जायची. सगळे म्हणतात."

"माहीत हाय मामा," त्या म्हणाल्या. "मला जानेवारीतच कळलेलं."

मी विचारलं, "मंग एवढा जीव कशाला काढलात?"

"पोरांसमोर गाड्या पळायला पायजे होत्या. तीस फरश्या गेल्या असत्या ना, मग मला नाय म्हणताना त्यांना खाली बघायला लागलं असतं. सगळ्या हॉलला कळलं असतं, ह्यांनी काय केलंय ते. तेवढंच पायजे होतं मला." मग अगदी साधेपणानं विचारलं, रागावून नव्हे. राग असता तर बरं झालं असतं. "जाजम टाकलंत त्याचं काय नाय वाटलं मला. सवयच असतेय ती. पण मी टोक धरून बसलेली नि तुमी जयरामभाऊंकडं बघितलंत. मी तर तासिकेवर होते. तुमी कायम होता ना मामा? तुमचं कोण काय करणार होतं?"

त्यांची गाडी लागली. "गुडघ्याला शेक देत जा," म्हणाल्या आणि चढल्या. मी स्टँडवर उभाच राहिलो, माझी मुरबाडची एसटी निघून गेली तरी.

खरं सांगू? माझं कोणीही काहीही करणार नव्हतं. पगार थांबला नसता, पेन्शन अडली नसती. फार तर जयरामभाऊ चार दिवस तोंड फिरवून बसले असते. एवढ्याला भ्यालो मी.

पुढच्या मे महिन्यात मी निवृत्त झालो. मला मात्र निरोप होता, कायम होतो ना. शाल दिली, श्रीफळ दिलं, गणपतीची मूर्ती दिली. चेअरमनसाहेब खास आले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकवर सांगितलं, "एकतीस वर्षं! पण कुंडलिक कोणाला कधी उलट शब्द बोलला नाही. असा माणूस पुन्हा मिळायचा नाही." टाळ्या वाजल्या. मी सगळ्यांना हात जोडले.